पाटील : पद, वतन, आडनाव आणि हाक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मोडी कागद वाचून द्यायचं काम करताना लोक कागदाबरोबर प्रश्नही घेऊन येतात. सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते 'पाटील' या एका शब्दाबद्दल. कोणाला जमिनीचं कोडं सोडवायचं असतं, कोणाला मूळ आडनाव हवं असतं, कोणाला घरातला जुना वाद मिटवायचा असतो. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. माझा पहिला उलट प्रश्न मात्र नेहमी ठरलेला असतो : कागद कुठल्या गावचा आणि कुठल्या सालचा? त्याशिवाय या शब्दाचा अर्थ सांगता येत नाही.

१. पाटील म्हणजे नेमकं कोण?

पूर्वीच्या काळी गावाचा वंशपरंपरागत मुख्य तो पाटील. सरकारच्या दृष्टीने तो गावचा सारा गोळा करून देणारा माणूस, आणि गावाच्या दृष्टीने सरकारपुढे उभा राहणारा. ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे होती, म्हणूनच त्याचा मान मोठा होता आणि त्याच्यामागे कटकटीही तितक्याच होत्या. आज हा शब्द चार ठिकाणी भेटतो : 'पोलीस पाटील' या पदात, आडनावात, जमिनीच्या जुन्या नोंदीत आणि बोलताना मारलेल्या हाकेत. या चारही जागी अर्थ वेगळा आहे.

२. 'पाटावर बसतो तो पाटील' ही व्युत्पत्ती खरी का?

नाही. ऐकायला छान वाटते, पण पाटाशी याचा संबंध नाही. जुनं रूप 'पट्टकिल' असं आहे. माळव्याच्या परमार राजांचे दहाव्या-अकराव्या शतकातले ताम्रपट गावाला उद्देशून लिहिलेले असतात आणि त्यात 'प्रतिनिवासि-पट्टकिल-जनपदादींश्च' असे शब्द येतात. म्हणजे गावचे रहिवासी, पट्टकिल आणि इतर लोक यांना कळवण्यात येतं की हे गाव अमक्याला दान दिलं आहे. पट्ट म्हणजे लेखाचा पट्टा किंवा पत्रा. लेख ज्याच्याकडे राहतो, तो पट्टकिल. पट्टकिल, मग पट्टइल, मग पाटील, अशी ही वाट आहे.

गावाला मुख्य असायचाच, नावं मात्र बदलत गेली. त्याआधीच्या राष्ट्रकूट ताम्रपटांत 'ग्रामकूट' आणि 'महत्तर' भेटतात. गाथासप्तशतीतल्या महाराष्ट्री प्राकृतात त्याला 'गामणी' म्हटलं आहे. 'महत्तर' या शब्दाचं पुढे काय झालं, ते मला फार आवडतं. त्यापासून आपला 'म्हातारा' आला. गावातल्या मोठ्या माणसाचं पद होतं, ते झिजत झिजत नुसतं वय उरलं. पाटील या शब्दाचा प्रवासही काहीसा असाच आहे.

३. आमच्या कागदात पूर्वजाच्या नावापुढे 'मोकदम' आहे, 'पाटील' नाही. मग ते पाटील नव्हते का?

बहुधा पाटीलच होते. 'मुकद्दम' हा अरबी शब्द आहे, 'पुढे असलेला, अग्रणी' या अर्थाचा. बहमनी काळापासून सरकारी कागदांत गावच्या पाटलाला मोकदम किंवा मुकादम लिहायची रीत पडली आणि ती शिवकाळात आणि पेशवाईतही चालू राहिली. 'मोकदम मौजे अमुक' असं दिसलं की 'अमुक गावचा पाटील' असं वाचा. कित्येक कागदांत एकाच माणसाला वर मोकदम आणि खाली पाटील म्हटलेलं असतं, त्यामुळे ही दोन माणसं आहेत असं समजून वंशावळीत गोंधळ करू नका.

आजचा 'मुकादम' शब्द तोच आहे, पण आता तो ऊसतोड टोळीच्या म्होरक्याला किंवा सफाई कामगारांवरच्या देखरेख्याला लागतो. एकाच पदाची दोन नावं. एक आडनाव होऊन प्रतिष्ठेत बसलं, दुसरं उसाच्या फडात आणि रस्त्यावर राबत राहिलं. एकाचं असं का झालं आणि दुसऱ्याचं तसं का, याचं एका वाक्यात देण्याजोगं उत्तर माझ्याकडे नाही.

४. पाटील प्रत्यक्षात काय काम करायचा?

सारा वसूल करून देणं हे मुख्य काम. पण त्याच्याही आधीचं काम म्हणजे गाव वसलेलं ठेवणं. दुष्काळ पडला, फौज येऊन गेली की रयत गाव सोडून निघून जायची. मग पाटील सरकारकडून कौल (अभयाचा आणि सवलतीचा लेखी करार) घ्यायचा, लोकांना परत बोलवायचा आणि पडीक जमीन लागवडीला आणायचा. अशा जमिनीचा सारा पहिल्या वर्षी थोडा आणि पुढे दरसाल वाढत जाणारा ठरवत, त्याला 'इस्तावा' म्हणत. रयतेला बी-बैल मिळवून देणं, चोरीचा माग काढणं, हद्दीच्या भांडणात गावाची बाजू मांडणं, गोतसभेत, म्हणजे गावच्या न्यायसभेत, बसणं हेही त्याच्याच अंगावर असे. लिहिण्याचं काम कुलकर्ण्याचं. निरोप, राखण, सरकारी माणसांची सरबराई यांचा भार महारांवर (हा भाग नीट समजून घ्यायचा तर प्रश्न २० पाहा).

बदल्यात त्याला इनाम जमीन मिळे, रयतेकडून हक्काचं धान्य मिळे आणि बलुतेदारांकडून ठरलेल्या वस्तू मिळत : तेल्याकडून तेल, चांभाराकडून जोडा, अशी यादी असायची. पण वसूल थकला तर पहिला धरला जायचा पाटीलच. सरकारी शिपाई त्याच्याच दारात धरणं धरायचा, शत्रूची फौज खंडणीसाठी ओलीस न्यायची ती त्यालाच. पडद्यावरचा मिशांना पीळ देणारा पाटील पाहून वाढलेल्यांना हे सांगितलं की खरं वाटत नाही. कागद मात्र हेच सांगतात.

५. कागदाच्या खाली सहीच्या जागी नांगराचं चित्र आहे. हे काय?

तीच सही आहे. पाटलाची निशाणी नांगर. कुलकर्णी नाव लिहितो, त्याच्या शेजारी शाईने चार-पाच रेघांत काढलेला छोटा नांगर असतो. मी पाहिलेल्या एका महजराच्या (गोतसभेच्या निवाड्याच्या कागदाच्या) तळाशी अशा निशाण्यांची रांगच होती. पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, न्हाव्याचा आरसा, आणि एका विधवेच्या नावापुढे काकण. त्यातल्या नांगराचा फाळ इतका जोरात काढला होता की बोरूने कागद फाटला होता. माणसाला लिहिता येत नव्हतं, पण आपली खूण कुठे उमटवायची आणि कोणाच्या वर उमटवायची हे त्याला पक्कं ठाऊक होतं. निशाण्यांचा क्रम म्हणजे मानाचा क्रम, म्हणून कागद वाचताना तो कधीही सोडू नका.

६. पाटीलकी विकता यायची असं ऐकलं. पद कसं विकणार?

विकता यायची, अर्धीही विकता यायची. पाटीलकी नुसतं पद नव्हतं, ते वतन होतं. त्यात जमीन, हक्क, मानपान सगळं आलं, आणि ते घराण्याच्या मालकीचं मानलं जाई. सरकारची थकबाकी किंवा दुष्काळातलं कर्ज यापायी पाटील आपल्या वतनाचा भाग विकायचा आणि गोतासमोर त्याचा कागद व्हायचा.

हे कागद वाचण्यासारखे असतात. जमिनीची वाटणी दोन ओळींत संपते, मानपानाची वाटणी मात्र पानभर चालते. पोळ्याला कोणाचा बैल आधी निघायचा, होळीची पोळी पहिली कोणाची, दसऱ्याला मान कोणाचा, लग्नात विडा आधी कोणाला, नांगराची निशाणी वर कोणाची. मूळच्या घराने सहसा 'वडीलपण' आपल्याकडे ठेवलेलं असतं आणि विकत घेणाऱ्याला 'धाकटपण' मिळतं. एका गावात 'थोरले पाटील' आणि 'धाकटे पाटील' असे दोन वाडे दिसतात, त्याचं कारण कधी भाऊबंदकीची वाटणी असते तर कधी अशी विक्री. दोन्ही वाडे एकाच रक्ताचे असतील असं धरून चालू नका.

७. देशमुख, देशपांडे, चौगुला, खोत आणि पाटील यांत फरक काय?

गावावर पाटील, परगण्यावर (अनेक गावांच्या गटावर) देशमुख. गावचं दप्तर कुलकर्ण्याकडे, परगण्याचं देशपांड्याकडे. चौगुला हा पाटलाचा मदतनीस. कोकणात बऱ्याच गावांत पाटलाच्या जागी खोत असे आणि त्याचं गावाशी नातंही वेगळं होतं. गोव्यात गावकार. नागपूरकडच्या मुलखात इंग्रजांनी गावच्या मुख्यांना गावाचे मालकच करून टाकलं, ते मालगुजार. म्हणून विदर्भातल्या कुटुंबाने 'आमचे आजोबा मालगुजार' म्हटलं आणि साताऱ्याच्या कुटुंबाने 'आमचे आजोबा पाटील' म्हटलं, तर ते एकच पद सांगत नाहीयेत.

८. शिवाजी महाराजांनी पाटीलकी बंद केली होती का?

बंद केली नाही, लगाम घातला. गावोगावचे वतनदार वाडे-हुडे (हुडे म्हणजे बुरूज) बांधून, स्वतःची माणसं ठेवून बळकट झाले होते. महाराजांनी ते हुडे पाडले, हक्काची रक्कम बांधून दिली आणि रयतेकडून जादा घ्यायला मनाई केली, असं बखरकार सभासदाने लिहून ठेवलं आहे. वतन मात्र घराण्यात राहू दिलं.

या संदर्भात सगळ्यांना रांझ्याच्या पाटलाची गोष्ट माहीत असते. १६४६ च्या जानेवारीतलं ते पत्र आहे. रांझे गावचा बाबाजी भिकाजी गुजर याने बदअमल (गैरवर्तन) केला, त्याचे हातपाय तोडले आणि पाटीलकी त्याच्याच गोतातल्या माणसाला दिली. लोक शिक्षेपाशी थांबतात. मला मात्र पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. गुन्हेगाराला इतकी कठोर शिक्षा झाली, तरी वतन त्याच्या कुळाबाहेर गेलं नाही. वतनाची मुळं किती खोल होती, ते या एका कागदात दिसतं. आणि हो, त्याला 'पाटील' आपण म्हणतो. पत्रात शब्द 'मुकादम' आहे (प्रश्न ३ पाहा).

९. महादजी शिंदे एवढे मोठे सरदार, मग त्यांना 'पाटीलबुवा' का म्हणत?

कारण शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे पाटील. दिल्लीच्या बादशहाकडून पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीचं, पद मिळवून देणारा आणि उत्तर हिंदुस्थानात फौजा हलवणारा हा माणूस स्वतःला 'पाटील' म्हणवून घेण्यात धन्यता मानत होता. त्यांच्या काळच्या पत्रांत 'पाटीलबावा' हेच नाव येतं.

यात नुसती विनम्रता नाही. सरदारकी धन्याच्या मर्जीवर येते आणि मर्जीवर जाते. गावची पाटीलकी मर्जीवर नव्हती, ती मातीशी बांधलेली होती. म्हणूनच मोठमोठी सरदार घराणी हाती पैसा येताच गावोगावच्या पाटीलक्या विकत घेत सुटली होती. भोसले घराण्याचं वेरूळशी आणि हिंगणी-बेरडी-देऊळगावशी असलेलं नातंही पाटीलकीचंच.

१०. इंग्रज आल्यावर काय बदललं?

नाव तेच ठेवलं आणि आतला माणूस बदलला. रयतवारीत प्रत्येक शेतकऱ्याचा सारा स्वतंत्र ठरला. त्यामुळे साऱ्याच्या घासाघिशीत सगळ्या गावाच्या वतीने सरकारशी बोलणारा पाटील उरला नाही. तो वरून ठरलेला आकडा वसूल करणारा, बांधलेला मुशाहिरा (पगार) घेणारा गावकामगार झाला. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने त्याच्या पोलिसी कामाला चौकट आली. मोठ्या गावांत मुलकी (महसुलाचा) पाटील आणि पोलीस पाटील असे दोन वेगळे लोक नेमले जाऊ लागले, लहान गावात एकच माणूस दोन्ही कामं करी.

१८७४ च्या वतन कायद्याने वतनदार घराण्यांच्या शाखा आणि हिस्से नोंदले गेले. काही घराण्यांत पाटीलकी पाळीने फिरायची, अमुक वर्षं या शाखेकडे, मग त्या शाखेकडे. 'यंदा पाटीलकी कोणाची' हे वाक्य जुन्या माणसांच्या तोंडी असायचं, ते यामुळे. वतनदार अल्पवयीन असेल किंवा वतन बाईच्या नावावर असेल तर गुमास्ता, म्हणजे त्यांच्या वतीने नेमलेला माणूस, काम बघायचा.

११. आमच्या मराठवाड्यात 'माली पाटील' आडनाव आहे. हे माळी समाजाचे का?

नाही, आणि हा घोटाळा फार वेळा होतो. इथला 'माली' म्हणजे माळी नव्हे, 'माल' म्हणजे महसूल. निजामाच्या राज्यात गावपातळीवर माली पटेल महसुलाला, पोलीस पटेल बंदोबस्ताला आणि पटवारी लिखापढीला, अशी रचना होती. माली पटेल म्हणजे बाकीच्या मुलखातला मुलकी पाटील. कलबुर्गीकडे हेच आडनाव 'मालीपाटील' असं जोडून लिहितात, आणि त्या बाजूला 'पोलीस पाटील' हेसुद्धा चक्क आडनाव आहे. त्या घरातलं कोणी पोलीस खात्यात असायची गरज नाही.

१२. वंशपरंपरागत पाटीलकी केव्हा संपली? सातबाऱ्यावर 'वतन' शेरा अजून का आहे?

महाराष्ट्रात महसूल पाटील पद रद्द करणारा कायदा १९६२ सालचा. तो १ जानेवारी १९६३ पासून अमलात आला. कुलकर्णी आणि परगणा वतनं त्याआधीच, १ मे १९५१ रोजी गेली होती. कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९१८ मध्येच कुलकर्णी वतनं बरखास्त करून तलाठी नेमले होते. मुलकी पाटलाचं काम तलाठ्याकडे गेलं.

पद रद्द झालं तेव्हा वतन जमीन आधी सरकारजमा धरली आणि ठरलेली रक्कम भरून घेऊन जुन्या धारकांना पुन्हा दिली. त्याला 'रीग्रँट' म्हणतात. अशी जमीन नव्या शर्तीची, म्हणून सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं दिसतं आणि विक्रीवर बंधनं येतात. तुमच्या जमिनीचं नेमकं काय झालं हे त्या काळच्या फेरफारातच कळेल. तलाठी कार्यालयातून सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांच्या नकला काढा, अगदी जुन्यापासून. रीग्रँटची रक्कम भरल्याची नोंद सापडली की अर्धं काम झालं.

१३. पाटीलकी गेली, मग आजचा पोलीस पाटील कोण? तो पोलीस असतो का?

तो पोलीस खात्याचा कर्मचारी नसतो. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाखाली त्याची नेमणूक होते आणि ती उपविभागीय अधिकारी करतात. हे पद वंशाने मिळत नाही. त्याच गावचा रहिवासी, दहावी पास, वय २५ ते ४५, आणि परीक्षा व मुलाखतीतून निवड. साठाव्या वर्षी पद सुटतं. पगार नाही, मानधन मिळतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने ते वाढवून महिना १५,००० रुपये करायचा निर्णय घेतला.

गावात गुन्हा घडला, बेवारस मृतदेह सापडला, पूर आला, तणाव वाढला तर पोलीस ठाण्याला आणि तहसीलदाराला पहिली खबर त्याने द्यायची असते. आडनाव पाटील असण्याची अट नाही. कांबळे, शेख, पवार, गावित, कोणीही पोलीस पाटील असू शकतो. जुन्या शब्दाच्या सगळ्या अर्थांत हा अर्थ मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वाड्याच्या बाहेर पडून हे पद पहिल्यांदा गावातल्या कोणाच्याही आवाक्यात आलं.

१४. सरपंच म्हणजेच आजचा पाटील नाही का?

नाही. सरपंच निवडून येतो, ग्रामपंचायतीचा कारभार बघतो आणि मुदत संपली की उतरतो. जुन्या पाटलाची कामं आज तिघांत वाटली गेली आहेत : सारा तलाठ्याकडे, खबर आणि शांतता पोलीस पाटलाकडे, गावाच्या वतीने बोलणं सरपंचाकडे.

१५. पाटील आडनावावरून जात कळते का?

कळत नाही. पाटील हे पद होतं, जात नव्हती. मराठा, कुणबी, लेवा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी, माळी, काही ब्राह्मण आणि आदिवासी घराण्यांतही पाटील आडनाव आहे. ज्या गावात ज्या घराण्याकडे वतन, त्याचं ते आडनाव झालं.

याला जोडून हल्ली एक प्रश्न सतत येतो : कुणबी दाखल्यासाठी 'पाटील' नोंद चालेल का? नुसतं पाटील लिहिलेलं जातीचा पुरावा होत नाही. जातीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघावं लागतं. त्यासाठी शाळेचं जनरल रजिस्टर आणि गाव नमुना १४, म्हणजे जन्ममृत्यूचं कोतवाल बुक, हे तपासा. कोतवाल बुकात बापाचं नाव असतं, आडनाव कधी असतं कधी नसतं. म्हणून आधी मूळ आडनाव हाती असलेलं बरं (पुढचा प्रश्न पाहा).

१६. आमचं मूळ आडनाव वेगळं होतं म्हणतात. ते कसं शोधायचं?

असं फार घरांत झालं आहे. क्रांतिसिंह नाना पाटील मूळचे पिसाळ. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या घराण्याचं आधीचं आडनाव देवगौडा सांगतात. पदाचं नाव इतकं रोजच्या तोंडी बसलं की शाळेत, पलटणीत, कचेरीत नाव लिहायची वेळ आली तेव्हा तेच लिहिलं गेलं. काहींनी दोन्ही ठेवली, म्हणून मोहिते पाटील, विखे पाटील अशी जोडआडनावं दिसतात. नाना पाटलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी अशी आहे. आडनाव पाटील असलेला हा माणूस नोकरीने तलाठी होता, आणि १९३० मध्ये ती नोकरी सोडून तो सत्याग्रहात उतरला. म्हणजे त्या काळीच आडनाव आणि काम यांची फारकत झालेली होती.

शोधायचं कसं? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तीन गोष्टी विचारा : देवक कोणतं, कुलदैवत कुठलं, लग्नाला कोणती घरं चालत नाहीत. शेवटच्या उत्तरात बहुतेक वेळा मूळ आडनाव दडलेलं असतं, कारण एका कुळीत लग्न होत नाही. मग कागद बघा. जुन्या कागदात नाव 'संताजी बिन येसाजी' असं येतं, 'बिन' म्हणजे मुलगा. त्यापुढचा शब्द आडनाव आणि त्यापुढे 'पाटील मोकदम मौजे अमुक'. गाव सोडून आलेल्या घरांनी मूळ गावच्या मंदिरातली आणि तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांकडची नोंदही बघावी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांत पिढ्यांची नावं सापडतात.

१७. पाटील आणि पटेल एकच का?

शब्दाचं मूळ एकच, 'पट्टकिल'. गुजरातीत त्याचं पटेल झालं. निजामाच्या मुलखात आणि नागपूरकडे मराठी गावच्या पाटलालाही सरकारी कागदांत पटेल लिहीत. गुजरातचा 'पाटीदार' हा शब्द मात्र वेगळा आहे. तो 'पट्टी' म्हणजे जमिनीच्या हिश्श्यावरून आला.

१८. बाई पाटील असू शकायची का? 'पाटलीण' म्हणजे काय?

पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, आणि तिला स्वतःचा मान होता : हळदीकुंकवात, ओटीत, गावच्या देवीच्या कार्यात. वतन विधवेच्या नावावर येई, तेव्हा तिची निशाणी काकणाची (प्रश्न ५), आणि काम गुमास्त्याच्या हातून (प्रश्न १०). स्वतः काम करणाऱ्या बाया मोठ्या संख्येने आल्या त्या पोलीस पाटील पदावर, तिथे महिलांना आरक्षण आहे. त्यांना कोणी पाटलीण म्हणत नाही. 'पाटीलबाई' किंवा 'पोलीस पाटील ताई' म्हणतात. नवऱ्यामुळे मिळालेलं नाव आणि आपल्या नेमणुकीने मिळालेलं नाव यांत गावाने आपणहून फरक केला, हे मला फार बरं वाटतं.

१९. 'पाटलांनी' की 'पाटीलांनी'?

मराठीच्या वळणाने 'पाटलांनी'. पाटील, पाटलाने, पाटलाचा, पाटलांना, आणि आडनावालाही तेच. औपचारिक मजकुरात 'पाटील यांनी' लिहिलं की प्रश्नच मिटतो. 'पाटीलांनी' हे रूप हल्ली छापलेलं दिसतं, पण कानाला ते खटकतंच.

२०. कोणालाही 'काय पाटील' अशी हाक मारतात. आमच्या आजीला मात्र हा शब्द आवडत नाही. असं का?

हाक मारणाऱ्याच्या मनात आज आपुलकी असते. पद गेलं, आडनाव राहिलं आणि त्यातून मित्राला, गिऱ्हाइकाला, रिक्षावाल्याला मान देऊन बोलवायचा शब्द तयार झाला. त्याच वेळी 'पाटीलकी गाजवू नको' हेही आपण म्हणतो. तिथे पाटीलकी म्हणजे दुसऱ्यावर हुकूम सोडणं. हे दोन्ही अर्थ लोकांच्या अनुभवातून आलेले आहेत.

आजी कुठल्या वस्तीत वाढल्या, ते त्यांना विचारा. गावकामगार महारांना वतनाच्या नावाखाली रात्री-अपरात्री राबावं लागे. निरोप पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचं, आणि बोलावणं यायचं ते पाटलाच्या चावडीवरून. १८७४ चा जो कायदा पाटलाच्या वतनाला (प्रश्न १०), तोच महार वतनालाही लागू होता. हे जोखड सैल व्हावं म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. कनिष्ठ गाववतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. आजींनी 'पाटील' हा शब्द लहानपणी ऐकला असेल, तो वडिलांच्या नावाने मारलेल्या हाकेच्या पाठोपाठ. त्यांना तो आवडला पाहिजे असा आग्रह धरू नका. उलट त्यांना काय आठवतं ते विचारा आणि लिहून ठेवा. महजराच्या तळाशी महाराची निशाणी असते ती बहुतेक सगळ्यात खाली. तिच्या वर लिहिलेला मजकूर महारांच्या बाजूने कोणी लिहिलेला नसतो.